न उडताच म्हातारे झालेले पाईप

छोट्या विमानांच्या रोटॅक्स इंजिनाचे रबरी पाईप दर पाच वर्षांनी बदलायचे असतात. इंजिन किती तास चाललं याच्याशी त्याचा संबंध नाही, रबर नुसतं पडून राहिलं तरी म्हातारं होतं. माझ्या विमानाचे पाईप मी २०२२ मध्ये बदलले, तेव्हा ते विमान जमिनीपासून एक इंचही वर गेलेलं नव्हतं. हा राग अजून गेला नाही, म्हणून लिहितोय.

मी आयडाहोत, बॉयसीला राहतो. किटफॉक्स म्हणजे सुट्या भागांतून घरी बांधायचं छोटं विमान. त्याचा कारखाना होमडेलला, घरापासून तासाभराच्या आत. २०१५ च्या डिसेंबरात ट्रेलर लावून किट घरी आणलं: लोखंडी नळ्यांचा वेल्ड केलेला सांगाडा आणि खोक्यांचा ढीग. पुढचे तीन हिवाळे गॅरेजमध्ये गेले. बायकोची गाडी बर्फात आणि विमान आत, यावर तिने जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. सांगाड्यावर पॉलिएस्टरचं कापड चिकटवून इस्त्रीने ताणायचं असतं, २५० अंश फॅरेनहाइटला सुरुवात आणि शेवट ३५० ला. घरच्या इस्त्रीवरचे आकडे खोटे असतात, थर्मामीटरने तपासा. आणि तिची चांगली इस्त्री घेऊ नका.

२०१८ च्या वसंतात विमान तयार झालं, आणि तिथेच अडलं.

अमेरिकेत विमान स्वतःच्या नावावर नोंदवायचं तर तुम्ही नागरिक हवेत, नाहीतर कायमचे रहिवासी, म्हणजे ग्रीन कार्डवाले. मी एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर. वैमानिकाचा परवाना मला मिळाला होता, त्याला ही अट नाही. म्हणजे दुसऱ्याचं विमान मी उडवू शकत होतो, पण स्वतःच्या हातांनी बांधलेलं नावावर करू शकत नव्हतो. हा नियम किट घेण्याआधी का वाचला नाही? वाचला होता. वाटलं, विमान होईपर्यंत कार्ड येईलच. माझी प्रायॉरिटी डेट, म्हणजे कार्डाच्या रांगेतली जागा ठरवणारी तारीख, नोव्हेंबर २०१२ ची. एका देशाच्या लोकांना वर्षाच्या कोट्यातली फार तर सात टक्के कार्डं, आणि रांगेत सगळा भारत उभा. २०१८ मध्ये आमच्या रांगेची तारीख २००८-०९ मध्येच घुटमळत होती. रांग कुठल्या तारखेपर्यंत आली हे सांगणारं व्हिसा बुलेटिन दर महिन्याला उघडायचं, तारीख एखादा आठवडा सरकलेली बघायची आणि गॅरेजमध्ये जाऊन प्रॉपेलर हाताने फिरवून यायचं. (हे करू नका. इंजिनात ठिणगी पाडणारा मॅग्नेटो असो वा नसो, प्रॉपेलरला कधी गंमत म्हणून हात लावू नये.)

पळवाटा शोधून झाल्या. मंडळातला एक मित्र नागरिक आहे, तो म्हणाला, "माझ्या नावावर कर की रे." केलं असतं तर मालक तो. कंपनी काढू म्हटलं, तर तिचा अध्यक्ष आणि दोन-तृतीयांश संचालक नागरिक हवेत, मताधिकारही पंचाहत्तर टक्के नागरिकांकडे. ट्रस्टचा मार्ग खुला होता, पण विश्वस्ताची फी दरवर्षी. आणि यातलं काहीही केलं तरी एक गोष्ट हुकत होती: रिपेअरमन सर्टिफिकेट. विमान बांधणाऱ्यालाच ते मिळतं आणि त्यावर वार्षिक तपासणी स्वतः करता येते. त्यालाही नागरिक किंवा कायमचा रहिवासीच लागतो. मीच ठोकलेले रिव्हेट दरवर्षी पैसे मोजून दुसऱ्याकडून तपासून घ्यायचे? नाही म्हणजे नाही. हा हट्ट मला चार वर्षांना पडला.

त्याच काळात बाबा सांगलीहून फोनवर कांदिवलीच्या अमोल यादवांचं उदाहरण द्यायचे. "त्या माणसाने चारकोपला गच्चीवर विमान बांधलं, आणि २०१७ ला त्याची नोंदणीसुद्धा झाली!" मी म्हणायचो, बाबा, त्यांनाही कागदासाठी वर्षंच लागली. "पण झाली ना?" यावर काय बोलणार.

बसून राहवेना म्हणून बदल करत सुटलो. मूळ चाकं काढून २९ इंची बुशव्हील लावली. फुगीर, मऊ, आठ-दहा पीएसआय हवेची. दगडगोट्यांवरून आरामात जातात. उभं असताना विमानाचं नाक जास्त वर राहतं, म्हणून कमी वेगात अलगद उतरता येतं. पंखांवर व्होर्टेक्स जनरेटर, म्हणजे कमी वेगातही हवा पंखाला धरून ठेवणाऱ्या बारीक पट्ट्या, चिकटवले. प्रत्येक बदलानंतर विमान तीन काट्यांवर चढवून वजन आणि तोल नव्याने काढावा लागतो. शेवटी रिकामं वजन ८४० पौंड भरलं. एक मात्र नकळत बरं झालं. हे बदल तपासणीच्या आधीच झाले. विमानाला उड्डाणयोग्यतेचं सर्टिफिकेट मिळाल्यावर मोठा बदल केलात तर एफएएला, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याला, कळवून पुन्हा चाचणी-उड्डाणं करावी लागतात. चाकं-बिकं काय बदलायचं ते आधीच बदला.

२०२२ च्या उन्हाळ्यात तारीख एकदम डिसेंबर २०१४ पर्यंत धावली आणि जुलैत कार्ड हातात पडलं. त्याच डिसेंबरात ती परत २०११ वर गेली. तो उन्हाळा हुकता तर मी आणखी काही वर्षं प्रॉपेलर फिरवत बसलो असतो.

विमानाच्या नोंदणीची फी किती असेल? पाच डॉलर. चेक लिहिताना हसू आलं, मग हसू थांबलं. सोबत किट कारखान्याचं बिल ऑफ सेल लागतं. ते मी सात वर्षं पासपोर्टच्या पाकिटात जपलं होतं. अर्धवट किट दुसऱ्याकडून घेत असाल तर पैसे देण्याआधी पहिल्या मालकाकडून हा कागद मागा, नंतर माणूस सापडत नाही.

तपासनीस २०२३ च्या एप्रिलमध्ये आला. अर्ध्याहून जास्त काम स्वतः केल्याचा पुरावा म्हणून फोटो बघितले. माझ्या निम्म्या फोटोंत पंख आहे आणि माझं फक्त कोपर. फोटोत तोंड येऊ द्या, लाजू नका. दरवाजाजवळ दोन इंची अक्षरांत 'एक्स्परिमेंटल' लिहिलेलं आहे ना ते पाहिलं, आणि रडरच्या (शेपटीवरच्या सुकाणूच्या) एका नटात तो सुटू नये म्हणून घालायची कॉटर पिन नाही हे त्याने दोन मिनिटांत हेरलं. चार वर्षं रोज बघत होतो, मला दिसली नव्हती. स्टीलच्या पाटीवर निर्माता म्हणून आमचं आडनाव आहे. तिचा फोटो बाबांना पाठवला.

माझं इंजिन सर्टिफाइड नसल्यामुळे पहिले चाळीस तास एकट्याने, ठरवून दिलेल्या हद्दीतच. सर्टिफाइड इंजिन-प्रॉपेलरची जोडी असती तर पंचवीसात सुटलो असतो. चाळीस तास सप्टेंबरात संपले आणि बायकोला घेऊन आयडाहोतल्याच जॉन्सन क्रीकला उतरलो. दरीतली ३,४०० फुटांची गवताची धावपट्टी, उंची जवळपास ४,९०० फूट, त्यामुळे सकाळच्या गारव्यातच जायचं. दुपारी हवा विरळ होते आणि विमान उठायला आळस करतं. तिने खाली उतरून पहिल्यांदा बुशव्हीलवर हात फिरवला आणि विचारलं, "आता माझी गाडी गॅरेजमध्ये लावू ना?"

रिपेअरमन सर्टिफिकेटही आलं. पाईप पुन्हा २०२७ मध्ये बदलायचे आहेत.