स्टीम वॉन्डची टपटप: दोष रिंगेत नव्हताच

काल रात्री एस्प्रेसो मशीन तापवलं, वॉन्डखाली (दुधात वाफ सोडायच्या नळीखाली) रिकामा कप ठेवला आणि २० मिनिटं तिथून हललो नाही. कप कोरडा! तीन आठवड्यांत पहिल्यांदाच.

मागच्या वेळी लिहिलं होतं तसं, नॉबने फिरणाऱ्या व्हॉल्व्हच्या दांडीवरच्या ओ-रिंगा (गळती अडवणाऱ्या रबरी रिंगा) दोनदा बदलून झाल्या होत्या, तरी टपटप चालूच. आता कळतंय की शोधायची जागाच चुकली होती. पाणी नॉबच्या मागून झिरपत असेल तर दांडीवरची रिंग गेली, वॉन्ड वळते त्या सांध्यातून येत असेल तर सांध्यातली. पण टोकाच्या भोकांतून येत असेल तर व्हॉल्व्ह पुरता बंदच होत नाहीये. तिथे दांडीवरची रिंग बदलून काही उपयोग नाही. (स्टीम बंद केल्यावर नळीतली वाफ थंड होऊन पडणारे दोनचार थेंब यात धरू नका.) माझ्याकडे दर सहा-सात सेकंदांनी टोकातून एक थेंब, अगदी घड्याळ लावल्यासारखा.

प्लग काढला, मशीन पूर्ण थंड होऊ दिलं, नॉब उघडून दाब गेल्याची खात्री केली आणि व्हॉल्व्ह सोडवला. दांडीच्या निमुळत्या पितळी टोकावर क्षाराचं पांढरं कडं होतं. वाटलं, सापडला चोर. सायट्रिक ॲसिडच्या कोमट पाण्यात टाकल्यावर अर्ध्या तासात पितळ लख्ख झालं. जोडलं, तापवलं, आणि पुन्हा टप.

मग भिंग आणि टॉर्च घेऊन बसलो. दांडीचं टोक जिथे सीटवर (व्हॉल्व्हमधल्या त्याच्या बैठकीवर) बसतं तिथे गोल चकचकीत रेघ उमटलेली असते. माझी एका जागी तुटलेली, आणि नेमक्या तिथेच केसाएवढी आडवी चीर. क्षाराचा खडा मध्ये असताना नॉब करकचून आवळला की मऊ पितळात अशी चीर पडते. थेंब दिसला की मी आणखी आवळत होतो, म्हणजे चीर खोल होत गेली.

नवा व्हॉल्व्ह मागवायचं जवळपास ठरलं होतं, पण आधी सीट घासून पाहिली. बारीक मेटल पॉलिश लावून दांडी सीटमध्ये हलक्या बोटांनी पुढे-मागे फिरवायची. ड्रिलला लावायचा मोह टाळा. मग सगळं पुसून टोकावर मार्करची शाई फासायची, एकदा बसवून फिरवायची आणि शाई कुठे पुसली गेली ते बघायचं. पहिल्या दोन खेपांना फट दिसली, तिसऱ्या वेळी सलग गोल उमटला. तो गोल बघून जे वाटलं ते उत्तम एस्प्रेसो शॉटलाही वाटत नाही. नंतर साबणाने दोनदा धुतलं, शेवटी ही वाफ दुधात जाते.

आता दुसरं दुखणं. वॉन्डचं टोक गळायचं थांबलं, पण वाफ सोडली की वॉन्डच्या सांध्यातून बारीक फुसफुस येते. टेफ्लॉन टेप गुंडाळणार होतो, पण फिरत्या सांध्यात तो टिकणार नाही. आणि हे लिहिता लिहिता आठवलं, सांध्यातली रिंग मी मिश्र मापांच्या डब्यातली घातली होती. त्या डब्यांत बहुधा नायट्राइल रबर असतं आणि वाफेच्या १२० अंशांत ते कडक होतं. इथे ईपीडीएमचीच (वाफ सोसणाऱ्या रबराची) हवी, ग्रीस फूड ग्रेड सिलिकॉनचं. पेट्रोलियम जेलीने ईपीडीएम फुगतं.

म्हणून टेप रद्द. उद्या सांधा उघडतो, रिंगेचा आतला व्यास आणि जाडी व्हर्नियरने मोजतो. कडक झालेली रिंग आकसलेली असते, त्यामुळे खाचही मोजणार.