आज परत सतरंजी

चिंगीने, माझ्या म्हाताऱ्या कुत्रीने, घरात शू केली याचं काही नाही. फडकं आहे, बादली आहे, मला दोन हात आहेत. तिने मला सांगितलं नाही, हे दुपारपासून टोचतंय.

नुकत्याच बाहेरून आलो होतो. पट्टा खुंटीला अडकवत होते, तेवढ्यात चिंगीने सतरंजीच्या मधोमध उभ्याउभ्याच केली. नीट बसलीसुद्धा नाही, मागचे पाय जरासे वाकवले इतकंच. माझ्याकडेच बघत होती. बाहेर एवढा वेळ झाडाझाडापाशी रेंगाळलो, प्रत्येक बुंधा हुंगून झाला, तिथे नाही. घरात येऊन.

पिल्लू असताना शिकली ती शिकलीच. दारापाशी जायचं, एकदा माझ्याकडे आणि एकदा कडीकडे बघायचं. रात्र असेल तर पलंगाच्या कडेवर हनुवटी टेकवून उभं राहायचं. भुंकणं नाही, कुरकुर नाही. ओलं नाक मनगटाला लागलं की मी अर्धवट झोपेतच चपला शोधायला लागायचे. तापाने फणफणले होते तेव्हाही, धो धो पावसातही. घरात किती माणसं आली, गेली, किती भांडणं झाली. पण तिने सांगायचं आणि मी उठायचं, हे कधी चुकलं नाही. आज तिने नुसतं बघितलं. त्या बघण्यात काहीच मागणं नव्हतं.

दादा फोनवर म्हणाला, ‘अगं वय झालं, चालायचंच.’ मला या ‘चालायचंच’चा फार राग येतो. वय हा काही आजार नाही. म्हाताऱ्या कुत्र्याने घरात केलं की लोक वयावर ढकलून मोकळे होतात, आणि खाली मधुमेह असतो, किडनी असते, नाहीतर मूत्राशयात साधा जंतुसंसर्ग असतो, औषधाने बरा होणारा. आणि रात्री-अपरात्री उठून चादरी कोण बदलतं, हे मात्र कुणी विचारत नाही. हातांना फिनेलचा वास कायमचा बसलाय. तू झोपतेस कधी, असं एकाने तरी विचारावं ना. असो.

थंडीत अंथरूण ओलं व्हायला लागलं तेव्हा डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, झोपेत होतं की जागेपणी? मला तेव्हा त्यात काय फरक, असं वाटलं होतं. पण फरक सगळा तिथेच आहे. गर्भाशयाचं ऑपरेशन झालेल्या कुत्र्यांमध्ये उतारवयात मूत्रमार्गाचा स्नायू सैल पडतो, झोपेत लघवी आपोआप गळते, आणि उठेपर्यंत तिला त्याचा पत्ताही नसतो. तो स्नायू आवळून धरायची गोळी मिळाली, अंथरूण कोरडं राहायला लागलं. मला वाटलं, सुटलो.

हे आत्ताचं जागेपणीचं. म्हणून परत सगळं केलं. पाणी मापून ठेवलं. दिवसभरात वजनाच्या दर किलोमागे १०० मिलीच्या वर पाणी जात असेल तर काहीतरी बिघडलंय असं धरतात. चिंगी १४ किलोची, म्हणजे १४०० मिली. ती त्याच्या जवळपासही नाही. सकाळची पहिली शू हवी होती, तर जुन्या डावाला काठी बांधली आणि तिच्या मागे मागे वाकून चालले. पहिल्यांदा डाव दिसल्यावर ती उठून उभी राहिली, करायचीच थांबली. मग डाव पाठीमागे लपवला आणि ऐन वेळी पुढे सरकवला. लघवीचं विशिष्ट गुरुत्व, म्हणजे घट्टपणा, १.०३५ आलं, म्हणजे किडनी लघवी घट्ट करण्याचं काम नीट करतेय. साखर नाही, जंतू नाहीत. रक्तही चांगलं. कंबरेत संधिवात आहे, पण त्याची गोळी चालू आहे आणि ती बऱ्यापैकी उठते-बसते.

हे सगळं बाजूला सारल्यावर जे उरतं ते डॉक्टरांनी हळूच सांगितलं. मेंदूचं म्हातारपण. माणसाला स्मृतिभ्रंश होतो त्याच्या जवळपासचं. रात्री जागं राहून दिवसा झोपणं, घरातल्या घरात वाट चुकणं, आपल्या माणसांशी वागणं बदलणं, आणि घाण कुठे करायची याचा विसर. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसमधल्या संशोधकांनी २००१ साली छापलेल्या अभ्यासात ११-१२ वर्षांच्या कुत्र्यांपैकी २८ टक्के आणि १५-१६ वर्षांच्यांपैकी ६८ टक्के कुत्र्यांमध्ये यातलं निदान एक तरी दिसलं होतं. चिंगी तेराची. मधे कुठेतरी.

तरीही माझं मन तिथेच अडकलेलं. विसरली म्हणजे नेमकं काय विसरली? जागा विसरली, की मला सांगायचं असतं हे विसरली? जागा विसरली तर मला एवढं लागणार नाही.

वहिनी म्हणते, ‘बघ कशी कान पाडून कोपऱ्यात बसते, कळतं तिला सगळं.’ म्हणजे कळूनसवरून करते, असं तिला म्हणायचंय. अलेक्झांड्रा हॉरोवित्झ यांनी २००९ साली नेमका हाच चेहरा तपासला होता. खाऊला तोंड लावायचं नाही असं कुत्र्याला बजावून मालक बाहेर जायचा, आणि परत आल्यावर कुत्र्याने काय केलं ते त्याला कधी खरं, कधी खोटं सांगायचे. अपराधी चेहरा दिसला तो मालक रागावल्यावर. कुत्र्याने खाऊ खाल्ला होता की नव्हता, याच्याशी त्याचा संबंध नव्हता. म्हणजे ती आपला चेहरा वाचते, आणि आपण त्याला तिची कबुली समजतो. वहिनीला हे सांगितलं, तिला पटलं नाही. आणि आज तर चिंगीने कान पाडलेच नाहीत. शेपूट हलवत ओल्यातून चालत माझ्याकडे आली. तिच्या लेखी काही घडलंच नव्हतं.

हे सगळं मी दुपारीच लिहून ठेवणार होते, पण संध्याकाळी एक झालं.

स्वयंपाकघरातून येताना ती दाराशी उभी दिसली. पण कडीच्या बाजूला नाही, बिजागऱ्यांच्या बाजूला. दार आणि भिंत यांच्यातल्या फटीला नाक लावून, शेपूट सरळ, अगदी शहाण्यासारखी वाट बघत. मी दार उघडलं. दार तिच्याच अंगावर आलं, खांद्याला लागलं, तरी ती हलली नाही. फट बंद का झाली, एवढंच बघत राहिली. मी गळपट्ट्याला धरून तिला वळवून आणलं. उंबरठ्याबाहेर पाऊल पडल्या पडल्या बसली आणि किती वेळ करत राहिली.

परत आल्यावर मी दाराशी फरशीवर बसले आणि ती बाजू नीट पाहिली. तिच्या नाकाच्या उंचीवर भिंतीला ओलसर डाग होता. त्याच्या आजूबाजूला आणखी डाग, वाळून पांढुरके झालेले, एकावर एक.

म्हणजे ती सांगत होती. रोज येऊन, त्या बाजूला उभी राहून.

खूप रडू आलं, पण दुपारसारखं नव्हतं ते. दुपारी मी माझ्यासाठी रडत होते. सांगायचं असतं हे तिला अजून माहीत आहे. दार कुठल्या बाजूने उघडतं तेवढं निसटलंय. सतरंजीचं कोडं यातून सुटत नाही. बाहेर गेल्यावर वासांच्या नादात कशाला आलो तेच तिच्या डोक्यातून जात असेल, आणि घरात शिरल्यावर शू लागल्याची जाणीव परत होत असेल. तसं असेल तर तसं.

आता तिच्या सांगण्याची वाट बघायची नाही, घड्याळ बघायचं. झोपून उठली की बाहेर, खाल्लं की बाहेर, रात्री निजण्याआधी बाहेर, आणि होईपर्यंत पट्टा सोडायचा नाही. झाल्यावर तिथेच शाबासकी, पिल्लू असताना द्यायचे तशी. दाराजवळ रात्रभर छोटा दिवा. घसरू नये म्हणून खाली रबरी पट्टी. आई म्हणतेय, रात्री पाण्याचं भांडं उचलून ठेव. ते मी करणार नाही, तहानलेलं ठेवून शू थांबवायची नसते. सतरंजीला एन्झाइमचं द्रावण लावून वाळत टाकलीय. अमोनियाचा वास असलेल्या कशानेही पुसलं तर तिला तिथे पुन्हा शूचाच वास येतो. सोमवारपासून मेंदूच्या या म्हातारपणावरची सेलेजिलीनची गोळी. सगळ्यांना लागू पडते असं नाही, आणि पडलीच तरी फरक दिसायला काही आठवडे जातील, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलंय.

दादाला उद्या फोन करून सांगणार आहे, की पुढच्या महिन्यात माझं येणं जमत नाही. तो का म्हणून विचारेल. मी बिजागऱ्यांचं सांगेन. मग तो ते दुसरं काढेल, मागच्या वेळी काढलं होतं ते. त्याला म्हणेन, अजून ती दारापाशी जाते.