तुम्ही विचारलंत म्हणून: टेंडर स्वस्तात गेलं, मग बिघडलं कुठं?

रिटायर झाल्यापासून सकाळी सिद्धेश्वर तलावाला चक्कर मारते, तिथं ओळखीचं कुणी भेटलं की हमखास विचारतात, सिस्टर, सरकारी दवाखान्यात टेंडर काढून स्वस्तात सामान घेतात, साफसफाई ठेक्यावर देतात, सरकारचे पैसे वाचतात, मग तुम्हाला त्यात वाईट काय वाटतं ओ? चालता चालता नीट सांगता येत नाही म्हणून इथं लिहिते.

आधी चादरींचं सांगते. जिल्ह्यातल्या एका ३० खाटांच्या दवाखान्यात मी इन्चार्ज होते तेव्हा नव्या चादरींचा गठ्ठा आला, पांढऱ्याशुभ्र, कडक. माझे वडील टॉवेलच्या कारखान्यात मागावर होते, त्यामुळं कापड हातात आलं की अंगठ्यानं चोळून बघायची सवय, तर चोळल्यावर बोटाला पीठ लागावं तशी खळ निघाली आणि उजेडात धरली तर पलीकडची खिडकी दिसायला लागली. टेंडरचा कागद काढून बघितला. त्यात ‘सुती चादर, पांढरी’ आणि लांबीरुंदी एवढंच, जीएसएम (म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं वजन) किती, किती धुण्यांना टिकली पाहिजे, काहीच नाही. सगळ्यात कमी रेट ज्याचा तो एल-वन, त्याला ऑर्डर, आणि त्यानं कागदावर होतं तेच दिलं, त्याला तरी काय म्हणणार. चौथ्या धुण्याला फाटल्या. मग बाळंतिणीला सांगायचं, घरनं जुनं लुगडं आणा. ते सांगताना माझी मान वर होत नव्हती. वाचलेले पैसे कुणाच्या घरातनं गेले ते बघा.

म्हणून टेंडरच नको असं मी म्हणत नाही. तमिळनाडूनं १९९४ ला वैद्यकीय सेवा महामंडळ काढलं, अख्ख्या राज्याची औषधं एकगठ्ठा, जेनेरिक नावानं घ्यायची, नमुने लॅबमध्ये पास झाले तरच दवाखान्याला पाठवायची, जिल्ह्याजिल्ह्यात गोदाम, आणि प्रत्येक दवाखान्याला एक पासबुक, त्यात औषधांसाठी तुमचे किती रुपये शिल्लक ते दिसतं. मला त्या पासबुकाचं लई कौतुक वाटतं. तिथं औषधं स्वस्तही पडली, कारण घेण्याआधी काय पाहिजे ते लिहिलेलं असतं आणि आल्यावर तपासणारा असतो. आपल्याकडं महाराष्ट्रात ही खरेदी २०१७ ला हाफकिन या सरकारी महामंडळाकडं गेली, २०२३ ला त्यासाठी वेगळ्या प्राधिकरणाचा कायदा झाला. माझं लक्ष तपासणीवर आहे.

साफसफाईचं मात्र वेगळं. गोळी घाऊक घेतली की स्वस्त पडते, पण फरशी पुसायला माणूसच लागतो, त्यात रेट कमी करायचा म्हणजे माणसं कमी नाहीतर पगार कमी, तिसरा रस्ता नाही. ब्रिटनमध्ये १९८३ ला सरकारी हॉस्पिटलांना साफसफाई, धुलाई, जेवण यांची टेंडरं काढायला लावली, आणि २००८ ला स्कॉटलंडनं सफाईचे नवे ठेके देणं बंद करायचं ठरवलं.

आमच्याकडं ठेका आल्यावर रात्रपाळीला दोन वॉर्ड आणि लेबर रूम मिळून एकच मावशी. रक्त सांडलं की त्यावर १ टक्का हायपोक्लोराइट, म्हणजे जंतू मारायचं औषध, ओतून कमीत कमी १० मिनिटं थांबायचं, मग पुसायचं. एका रात्री लागोपाठ तीन डिलिव्हऱ्या, मावशी ओतते आणि लगेच पुसते, मी म्हटलं थांबा की जरा, तर म्हणाली, सिस्टर, तिकडं लहान मुलांच्या वॉर्डात उलटी झालीय, मी थांबू कुठं? तिला काय बोलू मी. शेवटी मी फडकं घेतलं आणि तिला तिकडं पाठवलं.

दुसऱ्या दिवशी टेंडर मागून घेतलं. कामगार किती, या रकान्यात ‘आवश्यकतेनुसार’. मी दोनदा लेखी दिलं, रात्री वॉर्डामागं एक आणि लेबर रूमला वेगळी एक, असा आकडाच घाला. पुढच्या टेंडरला आकडा आला, रेट अर्थातच वाढला, वरून विचारणा झाली एवढा खर्च का, तेव्हा आमच्या डॉक्टरसाहेबांनी रात्रपाळीचं डिलिव्हरी रजिस्टर त्यांच्यापुढं ठेवलं.