मुंबई ते मॉरिशस: गिरमिटियांच्या जहाजाच्या क्रमाने चार दिवस

मॉरिशसची राजधानी पोर्ट लुई. तिथल्या आप्रवासी घाटावर, म्हणजे हिंदुस्थानातून आलेले करारी मजूर (गिरमिटिया) जिथे उतरत त्या डेपोवर, बहुतेक प्रवासी अर्धा तास थांबतात. पायऱ्यांवर फोटो काढतात, पाटी वाचतात आणि शेजारच्या बाजारात जातात. यात घाटाचा दोष नाही. ही जागा एका लांब साखळीतली शेवटची कडी आहे, आणि आधीच्या कड्या माहीत नसल्या तर समोर फक्त काळे दगड दिसतात. म्हणून ही सहल जहाजाच्या क्रमाने करावी: आधी गलबताचा हिशेब, मग क्वारंटाइनचे बेट, मग घाट. क्रम एकाच ठिकाणी मोडायचा, मोका येथील मजुरांच्या नोंदींच्या दप्तरासाठी. त्याचा अर्ज पहिल्या दिवशीच द्यायचा. कारण पुढे येईल.

थोडी पार्श्वभूमी. मॉरिशसमध्ये १ फेब्रुवारी १८३५ रोजी गुलामगिरी संपली. त्याआधीच, २ नोव्हेंबर १८३४ ला, ‘ॲटलस’ हे जहाज कलकत्त्याहून उसाच्या मळ्यांसाठी ३६ मजूर घेऊन पोचले होते. पाच वर्षांचा करार आणि महिना पाच रुपये पगार. या ‘ॲग्रीमेंट’चेच पुढे ‘गिरमिट’ झाले. हाल आणि फसवणुकीच्या तक्रारींमुळे १८३९ मध्ये ही भरती बंद करावी लागली. १८४२ च्या कायद्याने ती पुन्हा उघडली, तेव्हा कलकत्ता, मद्रास आणि मुंबई ही तीन बंदरे ठरवण्यात आली. त्यांत मुंबईचा वाटा सर्वांत लहान. पण त्यातूनच कोकणातली आणि घाटावरची मराठी माणसे तिथे गेली. १८४३ या एका वर्षात मॉरिशसमध्ये ३० हजारांहून जास्त मजूर उतरले. गर्दी, रोगराई आणि त्यामागून आलेले कडक नियम, सगळ्याचे मूळ या घाईत आहे.

निघण्यापूर्वी घरीच एक काम करा. टेप घेऊन जमिनीवर ६ फूट लांब आणि २ फूट रुंद चौकट खडूने आखा. १२ चौरस फूट, आणि उंचीसह ७२ घनफूट. जहाजावर एका प्रौढाच्या हक्काचे, कायद्यांत पुढे पक्के झालेले माप ते हेच. दहा वर्षांखालचे मूल अर्धे धरत. म्हणजे नवरा-बायको आणि तीन मुले असे पाच जीव कागदावर साडेतीन. त्यांना ४२ चौरस फूट मिळत.

आता समजा वरच्या डेकखालचा मजला ११० फूट लांब आणि २५ फूट रुंद आहे. २,७५० चौरस फुटांना १२ ने भागले की साधारण २३० प्रौढ. जिन्याची तोंडे आणि आजाऱ्यांचा कोपरा वजा केला की संख्या आणखी कमी व्हायला हवी. खरा वाद इथेच होई. मालकाला प्रत्येक इंच मोजून हवा असे आणि बंदरावरचा प्रोटेक्टर (मजुरांच्या हितासाठी नेमलेला सरकारी अधिकारी) तो कापायला बघे. लांबच्या वसाहतींच्या करारांत पुढे जिवंत उतरलेल्या माणसामागे भाडे द्यायची पद्धत रुळली, डॉक्टरांनाही त्याच हिशेबाने बक्षिसी मिळू लागली. आमच्या मते कायद्याच्या सगळ्या कलमांपेक्षा या एका अटीने जास्त जीव वाचवले.

पाणी माणशी रोज एक गॅलन, म्हणजे साडेचार लिटर, स्वयंपाकासह. मुंबईहून वारा चांगला असेल तर चार-सहा आठवडे लागत. २३० माणसे आणि ४२ दिवस धरले तर ९,६६० गॅलन, जवळपास ४४ टन पाणी. तांदूळ दिवसाला सुमारे २० औंस, म्हणजे साडेपाच टन. त्यावर डाळ, तूप, मीठ, मिरची, हळद, चिंच, तंबाखू आणि सरपण. वादळात चूल पेटवता येत नसे, त्या दिवसांसाठी चुडा (पोहे) आणि चणे वेगळे ठेवत. लाकडी पिंपांतले पाणी काही दिवसांत हिरवट होई. लोखंडी टाक्या आणि समुद्राचे पाणी ऊर्ध्वपातनाने गोडे करणारी यंत्रे आल्यावर हा त्रास पुष्कळ कमी झाला.

या सगळ्याच्या खाली माल असे. मॉरिशसची शेतजमीन उसाखाली, त्यामुळे खायचा तांदूळ हिंदुस्थानातून येई. तीच जहाजे खाली तांदळाची पोती आणि वर माणसे घेऊन जात. परतीला साखर. त्यात दोन गोष्टी बिघडत. ओल लागलेला तांदूळ आतून तापतो, त्याची वाफ वरच्या मजल्यावर चढते आणि झडपा बंद असल्या की माणसे गुदमरतात. कच्च्या साखरेची मळी झिरपून तळाशी साचते आणि आंबते. तळ नीट न धुता पुढची फेरी भरली की तो वास माणसांच्या वाट्याला येई. माल कोणता आणि तो कुठे ठेवला आहे, हे माणसांच्या संख्येइतकेच महत्त्वाचे असते. जहाजांच्या जुन्या याद्या वाचताना फक्त माणसे मोजू नका, मालाकडेही बघा.

झोपण्याची मांडणी बहुतेक जहाजांवर ठरलेली होती. एकटे पुरुष पुढे, कुटुंबे मधोमध, एकट्या बायका मागे. साधारण पंचवीस माणसांमागे एक सरदार, स्वयंपाकाला भंडारी, झाडलोटीला टोपास.

निघण्याचा हंगाम वाऱ्यावर ठरे. नैर्ऋत्य मोसमी वारा सुरू असताना मुंबईहून दक्षिणेला शीड लावणे म्हणजे वाऱ्याच्या तोंडी जाणे. नोव्हेंबरनंतर ईशान्य वारा मदतीला येतो. पण नोव्हेंबर ते एप्रिल हा मॉरिशसचा चक्रीवादळांचा काळ. दोन्ही एकदम टाळता येत नाहीत. हीच अडचण आजच्या प्रवाशालाही आहे, म्हणून मे किंवा ऑक्टोबर निवडा. जून ते सप्टेंबर आग्नेय वारे जोरात असतात आणि बेटांच्या बोटी हेलकावतात.

आता प्रत्यक्ष प्रवास. मुंबईहून थेट विमान सहा तासांच्या आसपास. भारतीय पासपोर्टवर पर्यटन व्हिसा तिथे उतरल्यावर मिळतो. परतीचे तिकीट आणि राहण्याच्या जागेचा कागद हातात ठेवा. दोन रात्री उत्तरेला ग्रां बे इथे आणि दोन पोर्ट लुईजवळ राहिले की धावपळ वाचते.

उत्तरेची बेटे. फ्लॅट आयलंड आणि त्याला खेटून असलेले गॅब्रिएल. ग्रां बेहून दिवसभराच्या सहलीच्या कॅटामरान (जोडनौका) निघतात. बुकिंग करतानाच विचारा: फ्लॅट आयलंडवर पाय ठेवायला मिळणार की फक्त गॅब्रिएलच्या वाळूवर? बहुतेक सहली पोहणे आणि जेवण यांच्यासाठी असतात. फ्लॅटवर १८५५ चे दीपगृह, क्वारंटाइनच्या इमारतींचे अवशेष आणि थडगी आहेत. बंद बूट, टोपी आणि माणशी दोन लिटर पाणी न्या. वाटेतल्या कोन द मीर बेटाच्या पलीकडे समुद्र उसळतो, तेव्हा उलटीची गोळी निघण्याआधी घ्या. लाटा सुरू झाल्यावर घेतलेली कामाला येत नाही.

१८५६ च्या जानेवारीत ‘हैदरी’ आणि ‘फतेह मुबारक’ ही कलकत्त्याची जहाजे पटकी (कॉलरा) घेऊन आली. त्यांतल्या माणसांना गॅब्रिएलवर उतरवले गेले. निवारा अपुरा, पाणी अपुरे. दोनशेहून अधिक माणसे तिथेच मेली. ज्या वाळूवर आज ग्रिल लावतात ती हीच. जेवणाआधी पंधरा मिनिटे बाजूला जाऊन उभे राहा, एवढी विनंती.

घाट. मेट्रोने आप्रवासी घाट स्थानकावर उतरा. प्रवेश मोफत, रविवारी बंद, शनिवारी दुपारपर्यंतच, त्यामुळे आठवड्याचा दिवस निवडा. डेपो १८४९ मध्ये त्रू फान्फारों खाडीवर बांधायला घेतला. पुढे त्यातून रस्ता गेला आणि आज जागतिक वारसा म्हणून उरले आहे ते १,६४० चौरस मीटर. आधी शेजारच्या जुन्या गोदामातले बीक्रमसिंग रामलल्ला माहिती केंद्र बघा, मग अवशेष. दरवाजा, दवाखान्याच्या खोल्या, स्वयंपाकाची जागा, संडास, पायऱ्या. पायऱ्यांपाशी एक खूण ध्यानात ठेवा: समुद्र तेव्हा इथपर्यंत होता, पुढची जमीन नंतर भरावाने झाली. संडासांच्या रांगेकडे कोणी बघत नाही. तिथे जरूर थांबा. जहाजावर पटकी पसरण्याचे कारण काय होते आणि डेपोने त्यातून काय शिकून घेतले, ते त्या दगडी नाल्यांत दिसते. दोन तास ठेवा.

शेवटी मोका, महात्मा गांधी संस्था. इथे स्थलांतरितांच्या नोंदवह्या आहेत. प्रत्येकाला एक क्रमांक, आणि त्यापुढे नाव, बापाचे नाव, वय, जात, जिल्हा, गाव, उंची, अंगावरची खूण, जहाज, तारीख, मळा. पुढच्या काळातली छायाचित्रेही आहेत. मेट्रोने रेदुईपर्यंत, तिथून टॅक्सी किंवा बस. पासपोर्ट न्या, शोधाचे नियम आणि शुल्क आधी ईमेलने विचारा. मूळ वह्या हातात मिळतीलच असे नाही, बहुधा कर्मचारी शोधून देतात.

शोध चुकतो तो नावामुळे. मराठी नाव इंग्रज कारकुनाने कानाला लागले तसे लिहिले आणि पुढे फ्रेंच वळणाने बदलले. व आणि ब, ठ आणि त एकमेकांत मिसळतात, ‘रत्नागिरी’ ‘रुटनाघेरी’ होते, आडनाव तर बहुधा नसतेच. म्हणून आडनाव घेऊन जाऊ नका. माणसाचे नाव, बापाचे नाव, गाव आणि निघाल्याचा अंदाजे दशक एवढे कागदावर लिहून न्या. जहाज आणि आगमनाची तारीख मिळाली तर अर्धे काम झाले, कारण एका जहाजातली माणसे ओळीने क्रमांकात सापडतात आणि एकाच गावची माणसे शेजारी असतात. एक नोंद सापडली की वरखालच्या वीस ओळी मागून घ्या. मुंबई इलाख्याची सरकारी दप्तरे बघायची तर काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतले पुराभिलेखागार आहे. ते मॉरिशसला जाण्याआधी उरका.

प्रत हातात पडायला दिवस लागतात. अर्ज पहिल्या दिवशी द्यायचा तो याचसाठी. चौथ्या दिवशी परत जाऊन नोंदीतला मळ्याचा रकाना वाचता आला, तर उरलेल्या दुपारी टॅक्सीने पश्चिमेला कास्कावेलकडे जाता येते. तिथे मराठी वस्ती जुनी आहे.