एक ओळ लिहिली आणि बाकीच्या गळाल्या

दुपारी दोनच्या सुमारास पहिला नोड, म्हणजे आमच्या ताफ्यातलं एक मशीन, 'नॉट रेडी' झाला. कुबरनेटीसवर (अनेक मशीनांवर प्रोग्राम वाटून चालवणाऱ्या प्रणालीवर) काम करणाऱ्यांना यात घाबरण्यासारखं काही वाटत नाही. नोडला आम्ही नावं देत नाही आणि ठेवतही नाही. बिघडला की मशीन फेकायचं, नवं उभं करायचं. तसंच केलं. पाऊण तासाने दुसरा गेला, मग तिसरा. तिसरं मशीन फेकायला हात गेला तेव्हा कुठे डोक्यात आलं की दर वेळी मी पुरावाच फेकून देतेय.

आत कशीबशी शिरले. फोल्डरचं नाव पुरं करायला टॅब दाबला, तर शेल (कमांड घेणारा प्रोग्राम) म्हणाला तात्पुरती फाइल बनवता येत नाही, जागा शिल्लक नाही. टॅबलासुद्धा जागा नाही! डिस्क १०० टक्के भरलेली. कंटेनर, म्हणजे डबाबंद प्रोग्राम, चालवणाऱ्या कंटेनरडीला स्वतःच्या नोंदी लिहिता येत नव्हत्या, म्हणून तो गप्प, आणि म्हणून नोड आडवा.

पण असं व्हायलाच नको होतं. प्रत्येक नोडवर क्यूबलेट नावाचा राखणदार असतो आणि त्याला काही आकडे जन्मजात दिलेले असतात. मोकळी मेमरी १०० एमआयबीच्या खाली गेली, नोडच्या डिस्कवर १० टक्क्यांहून कमी जागा उरली, कंटेनर ज्यांतून बनतात त्या इमेजच्या डिस्कवर १५ टक्क्यांहून कमी, किंवा आयनोड (डिस्कवर फाइलींची नोंद ठेवायच्या जागा) ५ टक्क्यांहून कमी उरले, की तो पॉड, म्हणजे एकत्र चालणाऱ्या कंटेनरचे गट, हाकलायला लागतो. डिस्कची गोष्ट असेल तर नोडवर 'डिस्क प्रेशर'चा झेंडा लावतो, मग नवे पॉड तिथे येत नाहीत. म्हणजे डिस्क ९० टक्क्यांच्या पुढे गेली की आरडाओरडा व्हायला हवा. आमचा अलर्टही त्याच झेंड्यावर टांगलेला होता. झेंडा लागलाच नाही, अलर्ट वाजलाच नाही.

सेटिंग्जच्या फाइलवर माझा विश्वास नसतो. फाइलमध्ये लिहिलेलं आणि क्यूबलेटने प्रत्यक्ष मानलेलं यांत फरक असू शकतो. एपीआय सर्व्हरमार्फत (कुबरनेटीसच्या मुख्य खिडकीतून) क्यूबलेटलाच विचारता येतं की बाबा, तू सध्या काय धरून चाललायस. तो सगळं कन्फिग ओकतो. त्यात हाकलण्याच्या मर्यादांचा भाग काढला. मेमरी, ५०० एमआयबी. पुढे कंस बंद. डिस्क नाही, इमेज नाही, आयनोड नाही.

ती ५०० ची ओळ माझी होती, तीन आठवड्यांपूर्वीची. आणि ती चुकीची नव्हती, हे मी आजही सांगेन. क्यूबलेट मुळात सिस्टमसाठी काहीच राखून ठेवत नाही, त्यामुळे कुठला पॉड कुठे चालवायचा ते ठरवणारा शेड्युलर नोड काठोकाठ भरतो आणि क्यूबलेट जागा होण्याआधीच कर्नल (ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा) कुठल्या तरी प्रोसेसचा गळा धरतो. मी सिस्टमसाठी मेमरी राखली, हाकलायची मर्यादा १०० वरून ५०० केली, आणि मेमरीमुळे होणारी पडझड थांबली. शाबासकीही मिळाली होती.

फक्त या भागाचा नियम असा आहे की एक आकडा तुम्ही दिलात तर बाकीचे जन्मजात आकडे टिकत नाहीत, शून्य होतात. हे कागदपत्रांत स्वच्छ लिहिलेलं आहे. ते पान मी वाचलं होतं. मेमरीसाठी वाचलं होतं.

तीन आठवडे काही झालं नाही, कारण डिस्कवर भसाभस लिहिणारं कोणी नव्हतं. मग रिपोर्ट बनवणारी एक नवी सर्व्हिस आली. ती कच्च्या फाइली 'एम्प्टी डिर'मध्ये, म्हणजे पॉडला मिळणाऱ्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये, टाकायची, जागेची मर्यादा न घालता. लिहिणाऱ्याला विचारलं तर म्हणाला, "अगं, टेम्प फोल्डर आहे तो. आपोआप जातं ना ते?" जातं, पॉड गेल्यावर. पॉड जातच नव्हता. नोड पडला की आमच्या आवृत्तीत ४० सेकंद वाट, मग ३०० सेकंदांची सवलत, मग त्याच सर्व्हिसचा नवा पॉड दुसऱ्या नोडवर कोऱ्या डिस्कवर सुरू. नोड पडत नव्हते, ती सर्व्हिस त्यांना एकेक करून खात चालली होती. मर्यादा न घालता पॉड सोडणाऱ्यांबद्दल माझं मत आता छापण्यासारखं राहिलेलं नाही.

क्यूबलेटच्या लॉगमध्ये कुरकूर होती, हेही सांगायला हवं. डिस्क ८५ टक्के झाली की तो न वापरलेल्या इमेज पुसतो. ते काम चालू होतं आणि 'पुरेशी जागा मोकळी करता आली नाही' असं पुन्हा पुन्हा लिहिलेलं होतं. ते कोणी वाचत नाही. मीही नाही.

संध्याकाळपर्यंत सगळे आकडे हाताने लिहिले, एकेका नोडवर क्यूबलेट रीस्टार्ट केला (चालू कंटेनरला त्याने धक्का लागत नाही), अलर्ट झेंड्यावरून काढून थेट मोकळ्या जागेवर बांधला. नव्या आवृत्त्यांत तुमचे आकडे आणि जन्मजात आकडे एकत्र करणारी सेटिंग आली आहे, असं नंतर कळलं. ती मुळात बंद असते.

माझा तो ५०० चा बदल रिव्ह्यू करणारा सहकारी दुसऱ्या दिवशी येऊन सॉरी म्हणाला. कशाबद्दल, ते मला अजून कळलेलं नाही. त्याच्यासमोर एकच हिरवी, म्हणजे नव्याने घातलेली, ओळ होती. लाल, म्हणजे काढलेली, ओळ एकही नव्हती. जे गेलं ते आमच्या फाइलमध्ये कधी नव्हतंच.

अहवालात कारणाच्या रकान्यात मी 'मानवी चूक' निवडलं. त्याने ते बदलून 'इतर' केलं. मी परत 'मानवी चूक' केलं. सध्या तिथे 'इतर' आहे.