तुडतुडे आले कुठून?

बिलोली तालुक्यात मांजरेच्या काठावर आमच्या मामांची दीड एकर साळ आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी एक ठोंब बुडाशी धरून हलवला, तेव्हा खालच्या पाण्यावर तपकिरी तुडतुडे, म्हणजे भाताचा रस शोषणारे बारीक किडे, अक्षरशः सांडले. "पल्याडून आले हे सगळे," मामा म्हणाले. पल्याड म्हणजे तेलंगणात, जिथे खरिपातही आणि रब्बीतही भाताची लावणी होते.

हाच प्रश्न जपानला कित्येक वर्षे पडला होता. तिथल्या हिवाळ्यात हा कीटक तग धरत नाही, तरीही दर उन्हाळ्यात शेतात हजर होतो. जुलै १९६७ मध्ये किनाऱ्यापासून सुमारे ५०० किलोमीटर दूर, भर समुद्रात उभ्या असलेल्या हवामान निरीक्षणाच्या जहाजावर तुडतुड्यांचे थवे आढळले आणि ते समुद्र ओलांडून येतात हे स्पष्ट झाले. मग उलट्या वाटेचा हिशेब सुरू झाला. तुडतुडे प्रामुख्याने संध्याकाळी उड्डाण घेतात, वर गेल्यावर गारठ्यामुळे एका मर्यादेपलीकडे चढू शकत नाहीत आणि साधारण दीड किलोमीटरपर्यंतच्या उंचीवर वारा नेईल तिकडे जातात. त्यामुळे ते सापळ्यात कधी सापडले ती वेळ घेऊन त्या उंचीवरचा वारा तासातासाने मागे मोजत गेले की वाट दक्षिण चीनकडे जाते आणि त्याआधीचे, हिवाळ्यातले घर उत्तर व्हिएतनाममध्ये निघते. एखाद्या औषधाला दाद न देणारे तुडतुडे दोन्हीकडे आढळले, तर तो आणखी एक दुवा ठरतो. मला ही पद्धत फार मोलाची वाटते, कारण ती संशयावर नव्हे, वेळेवर आणि वाऱ्यावर उभी आहे.

मामांच्या ठोंबावर मी पंख पाहिले. काही तुडतुडे लांब पंखांचे होते, पण पोट फुगलेल्या बऱ्याच माद्या आखूड पंखांच्या होत्या आणि अशा माद्यांना उडताच येत नाही. म्हणजे त्या इथेच जन्मलेल्या होत्या आणि त्यांचे आईबाप सुमारे महिनाभर आधीच या शेतात उतरले होते. तेव्हा खरा प्रश्न पोळ्याच्या नव्हे, श्रावण लागतानाच्या वाऱ्याचा होता. त्या दिवसांत आपल्याकडे वारा बहुधा पश्चिमेचा असतो, तर तेलंगण आपल्या पूर्वेला आहे. बंगालच्या उपसागरातून आलेला कमी दाबाचा पट्टा आपल्या दक्षिणेकडून सरकला, तरच वारा काही दिवस पूर्वेचा होतो. जमिनीलगत नदीपुरते अंतर तुडतुडे एरवीही कापू शकतात, हे खरे. पण दिवस आणि वारा न पाहता पल्याडच्या शेतकऱ्याला दोष देणे मला पटत नाही.

मामांनी आता बांधावर बल्ब टांगून त्याखाली पाण्याचे घमेले ठेवले आहे. दिनदर्शिकेत दुधाच्या हिशेबाशेजारी ते रोज दोन गोष्टी लिहितात: घमेल्यात सापडलेल्या तुडतुड्यांचा आकडा आणि दिवेलागणीला धूर कोणत्या दिशेला गेला ते.