टिक न केलेली चौकट

आमचे नकाशे जिओसर्व्हर या नकाशे इंटरनेटवर पुरवणाऱ्या सॉफ्टवेअरवर आहेत. जुलै २०२४ मध्ये त्यातलं सुरक्षेचं एक भगदाड जाहीर झालं, गांभीर्यात दहापैकी ९.८ गुणांचं. लॉगिन न करता, नुसती एक तयार केलेली विनंती पाठवून सर्व्हरवर हवा तो कोड चालवता येत होता. म्हणजे पासवर्ड कितीही अवघड ठेवा, उपयोग शून्य. मी त्याच रात्री २.२५.२ या दुरुस्त आवृत्तीवर गेलो आणि म्हटलं, आता उरलेली कामंही उरकूनच टाकू.

आमच्या नकाशांत पाणलोटाच्या हद्दी, ओढे, बंधारे सगळ्यांसाठी खुले. विहिरींचा लेयर, म्हणजे नकाशावरचा थर, मात्र आमच्यापुरता, कारण त्यात शेतकऱ्याचं नाव, गट नंबर आणि बोअरची खोली आहे. बोअर किती फुटांवर लागली हे गावात सख्खा भाऊ भावाला सांगत नाही!

'अॅडमिन'चा 'जिओसर्व्हर' हा जगजाहीर पासवर्ड पूर्वीच बदलला होता. जिओसर्व्हरच्या पुढ्यात एनजिनएक्स हा वेब सर्व्हर बसवून एचटीटीपीएस केलं, म्हणजे वाटेत कुणाला काही वाचता येऊ नये, आणि जिओसर्व्हरचा थेट ८०८० पोर्ट बाहेरच्यांना बंद. बेसिक ऑथेंटिकेशन या लॉगिनच्या साध्या पद्धतीत पासवर्ड जवळपास उघडाच जातो, त्यामुळे हे आधी. मग एक नवा रोल, म्हणजे परवानग्यांचा गट, त्यात सहा कार्यकर्ते, आणि डेटा सिक्युरिटीच्या पानावर विहिरींचा लेयर वाचायची परवानगी फक्त त्या रोलला. मुळातला नियम 'कुणीही काहीही वाचा' असा असतो. नेमक्या लेयरवर लिहिलेला नियम त्याच्या वरचढ ठरतो.

दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन. "दादा, विहिरी गायब झाल्यात. डिलीट केल्या का?"

डिलीट नव्हत्या केल्या. बंद लेयर परक्यांना कसे दिसावेत हे ठरवणारा जिओसर्व्हरचा कॅटलॉग मोड 'हाइड' होता. त्यात परवानगी नसलेल्याला लेयर यादीतच दिसत नाही, मग क्यूजीआयएस, म्हणजे कार्यकर्ते नकाशे उघडतात ते सॉफ्टवेअर, पासवर्ड विचारणार तरी कशासाठी? 'चॅलेंज' केलं की तो विचारतो, पण मग लेयरचं नाव सगळ्यांनाच दिसतं. मी 'हाइड'च ठेवलं आणि सहाही जणांच्या कनेक्शनमध्ये लॉगिन भरून घेतलं. फोनवर. एकाचा कॅप्स लॉक चालू होता, हे कळायला वीस मिनिटं गेली.

पंधरा दिवसांनी सहज प्रायव्हेट विंडोत आमच्या वेबसाइटचा नकाशा उघडला. निळे ठिपके. झूम केल्यावर शेजारी नावं, आडनावांसकट.

तोच लेयर डब्ल्यूएमएसकडे, म्हणजे जिओसर्व्हरच्या नकाशाचं चित्र देणाऱ्या नेहमीच्या सेवेकडे, लॉगिनशिवाय मागितला तर 'असा लेयरच नाही' असं उत्तर. नियम चोख होता. पण वेबसाइट टाइल, म्हणजे नकाशाचे चौकोनी तुकडे, मागत होती जिओवेबकॅशेकडून, म्हणजे तयार तुकडे साठवून देणाऱ्या जिओसर्व्हरमधल्याच भागाकडून, आणि वेबसाइटच्या कोडमधून तो लेयर मी काढलाच नव्हता. म्हटलं, नियम अडवेल की. टाइल कॅशिंगमधल्या 'कॅशिंग डिफॉल्ट्स' पानावर 'एनेबल डेटा सिक्युरिटी' अशी एक चौकट आहे. ती टिक केलेली नसेल तर टाइल देताना हे नियम विचारातच घेतले जात नाहीत. इतकी महत्त्वाची गोष्ट मुळात बंद का ठेवतात, हे मला अजून पटलेलं नाही.

टिक केलं, सेव्ह केलं, रिफ्रेश केलं. ठिपके गेले.

मग एनजिनएक्सचा लॉग काढला. त्या पंधरवड्यात विहिरींच्या टाइल बघणारे पाच आयपी होते. चार ओळखीचे निघाले.